कवडसा धरणारे हात

१

बिरबाच्या आतल्या खोल्यांत ऊन आपल्या पायांनी जात नाही. त्याला कुणीतरी हाताला धरून न्यावं लागतं. झरीब गावात हे काम बदावीमामांचं होतं आणि त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांचं.

बिरबा म्हणजे गावाबाहेरचं जुनं देऊळ. ऊस संपून वाळू सुरू होते तिथे ते उभं आहे. पुस्तकांत त्याच्या राजांची आणि देवांची लांबलचक नावं आहेत, पण ती पाठ करायला गावाला कधी वेळ मिळाला नाही. सगळ्यात आत गाभारा. त्याच्या छपरातली एक शिळा कधीकाळी कोसळली आणि तिथे भोक पडलं. त्या भोकातून सकाळी उन्हाचा कवडसा खाली उतरतो आणि दुपार कलेपर्यंत जमिनीवरून सरकत सरकत पलीकडच्या भिंतीपाशी विझतो. गाभाऱ्याला लागून ज्या खोल्या आहेत त्यांत मात्र मिट्ट काळोख. दिव्यांच्या उष्णतेने भिंतींवरचा उरलासुरला रंग सुटतो म्हणून विजेचे दिवे आत न्यायला मनाई होती. मग फोटो काढायचे कसे? तर आरसेवाला कवडशात बसकण मारतो, गुडघ्यांवर आरसा घेतो आणि उन्हाची तिरीप बाजूच्या खोलीत फेकतो, भिंतीला घासून जाईल अशी. मग कोऱ्या वाटणाऱ्या दगडातून देव, बोकड, कमळं सगळी वर येतात. कवडसा सरकला की आरसेवालाही बूड सरकवत त्याच्याबरोबर जातो, पण भिंतीवरचा उजेड जागचा हलू देत नाही. खरं कसब ते.

फोटो काढणारा खोलीत, कॅमेऱ्याशेजारच्या अंधाऱ्या कोपऱ्यात उभा असतो. तिथून त्याला आरसेवाला दिसत नाही, नुसता त्याचा उजेड दिसतो. ओरडून बोलायची सोय नाही, वटवाघळं उठतात. म्हणून सगळं बोलणं ठोक्यांनी. कॅमेऱ्याच्या तिवईच्या लोखंडी पायावर किल्लीने एक ठोका मारला की 'धरून ठेव'. दोन मारले की 'थोडं खाली'. तीन म्हणजे 'झालं, विसावा घे'. समजलं की आरसेवाला बोटातल्या अंगठीने आरशाच्या चौकटीवर टक् करतो.

रिफअत हे सगळं मामांच्या हाताखालीच शिकला. बाप लवकर गेला, आई त्याच्या मागोमाग गेली आणि मामांनी त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. कैरोला पाठवून फोटोग्राफी शिकवली तीही त्यांनीच. आता तो पस्तिशीला आला होता, कामावर त्याला उस्ताद म्हणत, पण आरसा धरायला मामांशिवाय दुसरं कुणी त्याला चालत नसे.

आणि गेल्या हिवाळ्यापासून मामांचे हात थरथरायला लागले होते. मिशी कातरताना कात्री भलतीकडेच जायची. पायघोळ गलाबियाची बटणं मामी लावून द्यायची आणि मामा तेवढा वेळ छपराकडे बघत राहायचे. आरसा हातात घेतला की भिंतीवरचा उजेड भरलेल्या घंगाळातल्या पाण्यासारखा लवलवायचा. वेळ मोजायला मनातल्या मनात फातिहाची सबंध प्रार्थना म्हणून होईपर्यंत कॅमेऱ्याचं झाकण उघडं ठेवावं लागे. तेवढ्यात देवांना दोन-दोन नाकं फुटायची.

बिरबाच्या भिंती जपण्याचं काम चालू होतं, त्याच्या प्रमुख डॉक्टर इन्साफ वाईट बाई नव्हत्या. त्यांनी फोटो खिडकीशी धरून पाहिले आणि एवढंच विचारलं, "उस्ताद, ही भिंत आहे की वाऱ्यावरचं धुणं?"

मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि हलक्या आवाजात सांगितलं ते असं. मोठ्या ईदनंतर, ज्या खोलीचे फोटो चालले होते तिच्या भिंती मीठ ओढणाऱ्या लगद्याखाली झाकायच्या होत्या, आणि पुन्हा कधी आणि कशा दिसतील ते कुणालाच माहीत नव्हतं. त्याआधी फोटो स्वच्छ यायलाच हवेत. नाहीतर लक्सरहून थंड दिव्यांचा माणूस येईल, परवानगीसाठी त्यांनी अर्ज लिहून ठेवला होता. बदावींना मानाने निरोप देऊ, म्हणाल्या.

रिफअतला मानाचा निरोप म्हणजे काय ते चांगलं ठाऊक होतं. गावात असे निरोप मिळालेले म्हातारे मशिदीच्या भिंतीला ओळीने बसलेले असत आणि दर हिवाळ्यात ती ओळ आखूड होई. मामांचं तसं होऊ द्यायचं नाही, असं त्याने ठरवलं.

२

सुताराकडून त्याने आरशासाठी एक घोडी करून घेतली, तीन पायांची, आरसा हवा तसा कलता ठेवता येईल अशी. मामांनी तिच्याकडे एकदाच पाहिलं.

"मी मेल्यावर आण ती," ते म्हणाले. "घोडीला ऊन कुठे चाललंय ते कळतं का?"

बोलणं खोटं नव्हतं. पण त्याच आठवड्यात मामांना थंडीताप भरला, मामीने त्यांना गोधडीत गुंडाळून ठेवलं आणि रिफअत घोडी घेऊन एकटाच बिरबात गेला. बरोबर फक्त दारावरचा राखणदार वहबा, आणि तोही दारापर्यंतच. वहबाला गाभाऱ्याचा वास आवडत नसे.

त्या दिवशी रिफअतचा जीव मेटाकुटीला आला. घोडी कवडशात ठेवायची, आरसा कलता करायचा, धावत खोलीत जायचं, काळ्या कापडाखाली शिरायचं, बघतो तो उजेड भिंतीच्या कडेला गेलेला. परत बाहेर, परत घोडी सरकवायची. दुपारपर्यंत धड एक फोटो झाला नाही. शेवटी मागची मोठी भिंत राहिली, हात पुढे करून ओळीने बसलेल्या देवांची. घोडी शेवटची सरकवून तो आत आला आणि कापडाखाली शिरला. उजेड जरा वर पडत होता. त्याने सवयीने किल्ली काढली आणि तिवईच्या पायावर दोन ठोके मारले.

उजेड खाली आला.

बरोबर हवा तेवढा. बाहेरून टक् असा आवाज आला. रिफअतने एक ठोका मारला, झाकण काढलं आणि ओठ न हलवता फातिहा म्हणायला लागला. उजेड भिंतीला चिकटवल्यासारखा स्थिर होता. किती छान धरलंय मामांनी, असं त्याच्या मनात आलं, आणि झाकण परत लावतानाच त्याला आठवलं की मामा घरी आहेत.

तो बराच वेळ कापडाखालीच राहिला. कापडाला फिल्म धुण्याच्या औषधांचा आणि घामाचा वास होता, आणि तो ओळखीचा असल्यामुळे बाहेर यावंसं वाटेना.

शेवटी तो गाभाऱ्यात आला. तिथे कुणी नव्हतं. घोडी कवडशात उभी होती. पण कवडसा त्याने सोडला होता तिथून चांगला माणूसभर पुढे गेला होता. घोडीच्या पायांनी धुळीत केलेली तीन भोकं मागे तशीच होती. त्या भोकांपासून घोडीपर्यंतची धूळ मात्र कुणी बोटही न लावल्यासारखी होती.

माणसाचं डोकं अशा वेळी फार कामाला लागतं. मीच घोडी उचलून पुढे ठेवली आणि दगदगीत विसरलो, रिफअतने स्वतःला समजावलं. सुताराने खिळे ढिले ठोकले असतील, आरसा आपोआप खाली कलला. लाकूड वाजलं, दुसरं काय. तो आरसा उचलायला गेला तर आरसा क्षणभर सुटेना. मग सुटला. लाकूड फुगलं असेल, त्याने म्हटलं. या कोरड्या हवेत लाकूड कसं फुगेल, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नाही.

दारात वहबा कुणा शेळीवालीशी हुज्जत घालत होता. तू आत आला होतास का, असं रिफअतने विचारलं.

"मी?" वहबा हसला. "उस्ताद, मला बायकोने जेवायला बोलावलं तरी मी आधी उजेड आहे का ते बघतो."

३

संध्याकाळी कामावरच्या घरातल्या अंधाऱ्या खोलीत त्याने ती फिल्म धुतली. असा फोटो त्याने आयुष्यात काढला नव्हता. छिन्नीचा ओरखडा न् ओरखडा दिसत होता. देवांच्या नखांचे चंद्रही दिसत होते. डॉक्टर इन्साफ भिंग लावून पाहत राहिल्या आणि मग त्यांनी डोळे पुसले, भिंगामुळे पाणी आलं म्हणाल्या.

"बदावींचा हात अजून सोन्याचा आहे," त्या म्हणाल्या. "मीच उगाच घाई केली."

मामा आले नव्हते, हे त्याच वेळी सांगायला हवं होतं. रिफअतने ते सांगितलं नाही. दिव्यांचा अर्ज त्यांनी त्याच्या देखत कपाटात खाली सरकवला आणि त्याला इतकं हलकं वाटलं की घरी जाताना तो शीळ घालत होता.

मामांचा ताप उतरला, तरी अशक्तपणा आहे, बाहेर गार वारा आहे, असं सांगून रिफअत त्यांना घरीच ठेवू लागला. मामीही त्याच्या बाजूने बोलली. तो रोज एकटा जाई. घोडी कवडशात ठेवी, आत जाऊन ठोका मारी. बाहेरून टक् असं उत्तर येई. उजेड जिथे हवा तिथे येई, थांब म्हटलं की थांबे. कवडसा पार गाभाऱ्याच्या टोकाला जाईपर्यंत भिंतीवरचा उजेड केसभरही हलत नसे.

माणसाने धरलेला उजेड कधीच इतका स्थिर नसतो, हे रिफअतला कळत होतं. तरण्याताठ्या गड्याने धरला तरी तो श्वासाबरोबर वरखाली होतो. मामांच्या चांगल्या दिवसांतही भिंतीवर त्यांचा श्वास दिसे, आणि फोटो काढताना रिफअत आपला श्वास त्याच्याशी जुळवून घेई. या उजेडाला श्वास नव्हता. त्याच्याकडे फार वेळ पाहिलं की आपलाच श्वास अडकल्यासारखा व्हायचा.

काम चालू असताना त्याने दारातून डोकावून पाहिलं नाही. उजेडाच्या आड आलो तर फोटो बिघडेल, हे कारण त्याच्यापाशी होतं आणि ते चांगलं कारण होतं. आणखी एक गोष्ट तो टाळत होता. दिवसाचं काम संपलं की तो तीन ठोके मारत नसे. विसावा घे म्हणायचं तर कुणालातरी म्हणावं लागणार, आणि बाहेर तर कुणीच नव्हतं. तो नुसतं सामान आवरून, कवडसा विझायची वाट पाहून, भिंतीच्या कडेकडेने निघून येई. सकाळी आरसा कधी जिथे ठेवला तिथेच असे. कधी तो मोठ्या भिंतीकडे तोंड करून असे, रात्रभर कुणी सूर्य उगवायची वाट पाहत बसल्यासारखा.

४

एका दुपारी डॉक्टर इन्साफ पेरूंची टोपली घेऊन मामांच्या घरी गेल्या. आजारपणातही इतकं काम केलं म्हणून आभार मानायला. बरोबर मोठ्या भिंतीचा फोटो होता, मामांना भेट म्हणून.

रिफअत संध्याकाळी आला तेव्हा मामी चुलीशी बसली होती. मामा अंगणात ओट्यावर बसले होते आणि फोटो त्यांच्या मांडीवर थरथरत होता.

"बस," ते म्हणाले. "हा कुणी धरला?"

"घोडीने, मामा. तुमच्या भीतीने सांगितलं नाही."

"घोडी जागेवर उभी राहते. हा उजेड सूर्यामागे चाललाय. या टोकाची सावली बघ, न् त्या टोकाची बघ. एवढा वेळ कवडसा एका जागी राहतो?" त्यांनी मान वर केली. "वहबाला धरायला लावलंस?"

"नाही."

"मग दुसरं कुणी गड्याचं पोर आणलं असशील. सांग ना. मी काही मरत नाही ऐकून."

पण ते मरत होते. रिफअतला त्यांच्या तोंडावर ते दिसत होतं. आपल्यापेक्षा चांगला हात आपल्या जागेवर बसलाय आणि आपल्याच नावाने पेरू खाल्ले जातायत, यापेक्षा म्हाताऱ्या कारागिराला दुसरं काय लागणार. त्या क्षणी त्याला ते सहन झालं नाही आणि त्याने सगळं सांगून टाकलं. घोडी, धूळ, टक् आवाज, रोजचे ठोके, सगळं. मामा हसतील किंवा शिव्या देतील असं त्याला वाटलं होतं. मामांनी फोटो पुन्हा डोळ्यांजवळ धरला.

"काम झाल्यावर तीन ठोके मारायचास?" त्यांनी विचारलं.

रिफअतने नकारार्थी मान हलवली.

"म्हणजे राबवून घेतलंस आणि ऊठ म्हणाला नाहीस." मामांचा आवाज रागाचा नव्हता, त्यामुळे जास्तच बोचला. "मी तुला असं शिकवलं होतं का रे?"

आपण पुन्हा जाऊच नये, दिवेवाला येऊ दे, काम गेलं खड्ड्यात, असं रिफअतने परोपरीने सांगून पाहिलं. पण मामांचं ठरलं होतं. मोठ्या भिंतीचा एक कोपरा अजून राहिला होता. आरसा त्यांच्या बापाचा होता. तो परत घ्यायला आणि जे कुणी बसलं असेल त्याला उठवायला आपणच जायला हवं, म्हणाले.

५

सकाळी मामा नवी गलाबिया घालून आले. रस्त्यात भेटलेल्या सगळ्यांना त्यांनी सलाम केला. गाभाऱ्यात शिरल्यावर त्यांनी घोडी उचलली, धापा टाकत दारापर्यंत नेली आणि वहबाला म्हणाले की शेळ्या बांधायला घे. मग परत येऊन ते कवडशात मांडी घालून बसले, आरसा गुडघ्यांवर घेतला आणि त्याच्या काचेवरून गलाबियाची बाही फिरवली.

"जा आत," ते म्हणाले. "आणि आज नीट तीन मार."

रिफअत खोलीत जाऊन कोपऱ्यात उभा राहिला. उजेड आला. तो थरथरत होता. भिंतीवरच्या देवांचे पुढे केलेले हात लवलवत होते, नाकं दुहेरी होत होती आणि रिफअतला फार बरं वाटलं. फोटो बिघडणार होता, अगदी नासणार होता, आणि तो मामांचा होता. त्याने एक ठोका मारला. टक्, मामांची अंगठी वाजली. त्याने झाकण काढलं.

फातिहा अर्ध्यावर आली तेव्हा उजेड थांबला.

हळूहळू नाही. थरथरता उजेड एकदम थांबला, जसा रडणाऱ्या पोराच्या तोंडावर कुणी हात ठेवावा. देव स्वच्छ झाले. त्यांच्या नखांचे चंद्र दिसायला लागले.

रिफअत तसाच धावत बाहेर गेला असता तर कदाचित वेगळं झालं असतं. पण त्याचे ओठ आपोआप पुढचे शब्द म्हणत राहिले. हात झाकणाशी तयार होता, फिल्म उघडी होती आणि इतक्या वर्षांच्या सवयीने तो शेवटच्या आमीनपर्यंत उभा राहिला. मग त्याने झाकण लावलं आणि किल्लीने तीन ठोके मारले.

उत्तर आलं नाही. उजेड हलला नाही.

त्याने पुन्हा तीन मारले, जोरात. छपरात वटवाघळं फडफडली. "मामा," त्याने हाक मारली. मग तो भिंतीला हात लावत दारापाशी गेला आणि त्याने उजेडाच्या कडेने बाहेर पाहिलं.

मामा कवडशात बसले होते, पाठ ताठ, मान किंचित वाकडी. आरसा गुडघ्यांवर होता आणि त्यांचे दोन्ही हात चौकटीवर. त्या हातांवर आणखी हात होते. पोराला पाटीवर अक्षर गिरवायला शिकवताना मागून बसून त्याचा हात आपल्या हातात धरतात, तसे ते मागून आलेले होते. जुन्या धुराने काळवंडलेल्या भिंतीच्या रंगाचे. बोटं लांब होती आणि सगळी सारख्याच लांबीची. मामांच्या मागे कवडसा संपत होता आणि काळोख सुरू होत होता. त्या काळोखात, मामांच्या खांद्याच्या वर, काहीतरी पुढे झुकलेलं होतं, काम नीट होतंय का ते पाहायला झुकावं तसं.

रिफअतने तिकडे मान वर करायच्या आतच आरसा वळला. उजेड त्याच्या डोळ्यांवर येऊन थांबला, आणि त्याने तोंड बाजूला केलं तर तिकडेही आला. त्याने डोळे मिटले. मिटल्या पापण्यांतून सगळं लाल दिसत होतं. किल्ली अजून मुठीत होती. त्याने दाराच्या दगडावर चाचपडत ती मारली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

लाल विझलं. टक् असा आवाज झाला, अगदी आज्ञाधारक.

डोळे उघडले तेव्हा मामा एकटे होते. आरसा काच खाली करून शेजारी ठेवलेला होता. रिफअतने त्यांना काखेत हात घालून उठवलं आणि ओढतच देवळाच्या अंगणात आणलं. मामा डोळे किलकिले करून आभाळाकडे पाहत राहिले. वहबाने पाणी आणलं, पाठ चोळली, विचारलं की म्हातारबुवांना चक्कर आली का. मग त्याची नजर खाली गेली आणि तो हसला.

"उस्ताद, बघा तरी," तो म्हणाला. "मामांचे हात थांबलेत."

६

झरीबमध्ये त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणालं तापाबरोबर कंप उतरला, कुणी म्हणालं मामीने पीराला मेणबत्त्या बोलल्या होत्या. शेवटचा फोटो सगळ्यांत चांगला आला होता. डॉक्टर इन्साफनी दिव्यांचा अर्ज फाडला आणि पुढच्या वर्षीच्या कामावर बदावींचं नाव सगळ्यांत आधी घातलं. रिफअतला जे जे हवं होतं ते सगळं त्याला मिळालं. तो बिरबात परत गेला नाही. मामांना भेटायलाही पाच-सहा दिवस गेला नाही, आणि त्याची लाज त्याला वाटत होती.

शेवटी मामीनेच निरोप धाडला. तो गेला तेव्हा दुपार होती. अंगणात मामीने भाकऱ्यांच्या आंबवलेल्या पिठाचे गोळे उन्हात फुगायला मांडले होते आणि मामा ओट्यावर बसले होते, दोन्ही हात मांडीवर. मामी आनंदाने नुसती भरून वाहत होती. बटणं आता वाकडी लागत नाहीत म्हणाली, अंगावर सरळ बसतात. मात्र ती अजून तिनेच लावलेली होती, हे रिफअतला दिसलं.

"बोलत नाहीत फारसं," ती म्हणाली. "पण बोलतील. हात बघ, हात. दगडासारखे स्थिर."

रिफअत मामांच्या शेजारी बसला. हात स्थिर होते खरे. पण बराच वेळ पाहत राहिल्यावर त्याच्या लक्षात आलं की ते वळत होते. तळवे उन्हाकडे होते, आणि ऊन अंगणातून जसजसं सरकत होतं तसतसे तेही सरकत होते, इतके हळू की मधे पापणी लवली तर कळू नये. त्याने मामांचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. हात गरम होता, ओळखीचा होता, त्यावरचा लहानपणीचा भाजल्याचा डागही होता. तो त्याच्या मुठीत वळत राहिला. जोर करून नाही, आणि थांबूनही नाही.

"मामा," तो पुटपुटला. "मी तीन मारले होते."

मामांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे त्यांचेच होते, आणि त्यात इतकी भीती होती की रिफअतने नजर खाली वळवली.

"ते त्याला मारलेस, मला नाही," मामा म्हणाले. त्यांचा आवाज थरथरत होता. "तुझ्या मामीला सांगू नकोस."

मामी आतून पाण्याचा पेला घेऊन आली, काठोकाठ भरून, थेंबही सांडत नाही हे दाखवायला. बघ हं आता, असं म्हणत तिने तो मामांच्या हातात दिला. हाताने पेला घेतला. पाण्यावर तरंग उठला नाही. मामांचे ओठ कोरडे पडले होते, त्यांनी ते जिभेने ओले केले आणि मान पुढे केली. पण पेला तोंडाकडे आला नाही. हाताने तो उन्हात उंच धरला, जरासा कलता केला आणि समोरच्या मातीच्या भिंतीवर उजेडाची एक स्वच्छ तिरीप पडली. ती तिथे थांबून राहिली.

मामी टाळी वाजवून हसली. म्हातारा खेळतोय बघ, म्हणाली, किती दिवसांनी, आणि भाकऱ्यांचे गोळे उलटायला वळली.

मामा पाण्याकडे पाहत होते. रिफअत उठला, माठातून दुसरा पेला भरून आणला आणि मामीची पाठ वळलेली असताना तो मामांच्या ओठांशी धरला. ते घाईघाईने प्यायले, अर्धं पाणी हनुवटीवरून गलाबियावर सांडलं. पेला हलत होता, कारण रिफअतचा हात थरथरत होता.